नाट्यपदाला नवी कांती देणारे अभिषेकीबुवा

शास्त्री-सोनवीच्या संगमावरील आपल्या संगमेश्वरात, किंबहुना साऱ्या कोकणपट्टीत, नाट्यगीतांचा शौक इतका मुरलेला आहे की, पंडित जितेंद्र अभिषेकी यांचा परिचय नव्याने करून देताना किंचित संकोचच वाटतो.

१९२९ मध्ये गोव्यातील मंगेशी येथे जन्मलेल्या बुवांना संगीताचे प्रथम संस्कार देवालयात कीर्तन करणाऱ्या वडिलांकडून लाभले. पुढे मुंबई आकाशवाणीवर त्यांनी नोकरी केली, आणि अजमत हुसेन खाँ व जगन्नाथबुवा पुरोहित यांच्याकडे तालीम घेऊन आग्रा गायकी आत्मसात केली.

संगीत नाटक लोकाश्रयाअभावी क्षीण झालेले असताना, १९६४ साली गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणलेल्या वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’चे संगीत त्यांनी केले, आणि रात्र रात्र रंगणाऱ्या पदाला आटोपशीर, तरीही रागशुद्ध असे रूप दिले. याहून बिकट कसोटी १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ची होती, कारण दोन घराण्यांच्या वैरावर उभ्या असलेल्या त्या नाटकात खाँसाहेबांची आक्रमक आणि पंडितजींची सात्त्विक गायकी केवळ श्रवणाने भिन्न भासणे अगत्याचे होते. त्यातील खाँसाहेब साकारणाऱ्या वसंतराव देशपांड्यांच्या गळ्याची थोरवी निर्विवाद आहे; परंतु त्या गळ्याला साजेसे स्वरवाक्य हेरणाऱ्या रचनाकाराला श्रेय देताना आपण जरा हात आखडता घेतो, असे माझे मत आहे.

१९८८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९८ मध्ये ते निवर्तले. पुत्र शौनक यांच्यासह प्रभाकर कारेकर, अजित कडकडे आदी शिष्यांनी ही विद्या पुढे नेली.