हिशेबाची वही कोणाकडे?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित भाग)



संशोधन हे विद्यापीठाचे काम आणि लढा हे संघटनेचे, ही श्रमविभागणी आपल्या चळवळीने फार काळ मुकाट्याने मान्य केली. परिणाम असा की, मोर्चा घेऊन गेलेल्यांना अधिकारी आकडे विचारतो आणि आपण त्याच्याच खात्याच्या अहवालातले आकडे त्याला ऐकवतो.

ही विभागणी मोडता येते. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या उभारणीत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. कचरा वेचणारी बाई समाजाच्या लेखी दयेचा किंवा संशयाचा विषय. पंचायतीने प्रश्नच फिरवला : ही बाई रोज किती माल कचऱ्यातून बाजूला काढते? तिने तो काढला नसता, तर तो उचलून, वाहून नेऊन टाकण्यास महापालिकेला किती खर्च आला असता? वाचलेल्या खर्चाचा हा हिशेब आम्ही पदवीच्या वर्गात शिकवतो. तो या बाईच्या नावे मांडायला मात्र संघटना व्हावी लागली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००१ मध्ये झालेल्या अभ्यासात तो आला. २००२-०३ मध्ये महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांच्या वैद्यकीय विम्याचा भार उचलला. तो उपकार नव्हता. शहराच्या वाचलेल्या पैशातला अल्पसा परतावा होता. २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेशी महापालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालले. बाहेरचा जाणकार अभ्यासगटात बोलतो, निर्णय ग्रामसभा करते. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारे हे गाव आधी बरीच वर्षे अभ्यास करीत होते, हे विसरता कामा नये.

कार्यकर्त्याला त्यासाठी संख्याशास्त्राची पदवी नको. चाळीस घरांतून दहा कशी निवडावीत, सणाच्या आठवड्यातली कमाई वर्षभराची का धरू नये, 'किती मिळते?' याऐवजी 'काल काय विकले, कोणत्या भावाने?' असे का विचारावे, एवढे शिकायला सहा संध्याकाळ पुरतात.

विद्यापीठातील आमच्या बांधवांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. ते वस्तीत येतात, प्रश्नावल्या भरून नेतात, प्रबंध होतो, पदवी मिळते. ज्या बाईने मजुरी बुडवून दोन तास उत्तरे दिली, तिला अहवाल निघाल्याचेही कळत नाही. याला भागीदारी म्हणणे कठीण. जमीन खंडाने दिली तर निदान खंड तरी मिळतो!

तथापि मोह संघटनेलाही सुटलेला नाही. बाईची कमाई घरात कोणाच्या हाती जाते, मुकादम आपल्यापैकीच कोणाचा नातलग आहे, असले आकडे व नोंदी निघाल्या की त्या मागे ठेवाव्याशा वाटतात. म्हणून अहवाल छापण्यापूर्वी वस्तीच्या सभेत मराठीतून वाचावा. चूक दाखवण्याचा हक्क सभेला असावा. गैरसोयीचा आकडा खोडण्याचा नसावा.

आणि विद्यापीठाशी करार लेखी करावा. प्रश्न कोण ठरवणार, मूळ नोंदवह्या कोणाकडे राहणार, माहिती गोळा करणाऱ्या सभासदाची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यात दाखवणार, हे त्यात असावे. संशोधनाच्या अंदाजपत्रकांत प्रवासभत्ता हटकून असतो. हा शेवटचा रकाना मला क्वचितच आढळला.