अपराध्याचा प्राण आणि चर्चची शिकवण

अपराध्याचा प्राण घेण्याचा अधिकार राज्यसंस्थेला आहे काय, या प्रश्नाला कॅथलिक चर्चने शतकानुशतके होकार दिला आणि २०१८ मध्ये स्पष्ट नकार दिला. या बदलाचे मर्म कळण्यासाठी रोमपर्यंत जाण्याचे कारण नाही, कारण त्या जुन्या होकाराची कसोटी पाहणारा एक प्रसंग गोव्यातील सासष्टीत घडलेला आहे.

१५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट, म्हणजे येशू संघाचे सदस्य, ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. पोर्तुगीजांनी गावची देवळे उद्ध्वस्त केली होती आणि हे धर्मप्रचारक तेथे चर्चसाठी जागा पाहण्यास आले होते, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या क्षोभाचा उलगडा होत नाही. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी सोळा गावकरांना, म्हणजे ग्रामसंस्थेच्या वंशपरंपरागत मानकऱ्यांना, बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि कोणताही खटला न चालवता ठार केले. त्यांतला एक तेवढा निसटला, असे परंपरा सांगते. 

असोळण्यातील या कृत्याला त्या काळच्या कॅथलिक विचाराचा तरी आधार होता काय? तेराव्या शतकातील थोर धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस याने देहान्त शिक्षा न्याय्य मानली होती, आणि सडलेला अवयव कापून शरीर वाचवावे तसे समाजहितासाठी घातकी माणसाला दूर करता येते, असा युक्तिवाद केला होता. परंतु हा अधिकार त्याने केवळ सार्वजनिक सत्तेला दिला आणि तोही रीतसर न्यायनिवाड्याच्या चौकटीत. त्या मापाने पाहिले तरी किल्ल्यातील ते कृत्य शिक्षा ठरत नाही, ती हत्याच ठरते.

याहून जुना एक आवाज चर्चच्या परंपरेतच होता. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेत एका पंथाच्या लोकांनी कॅथलिक धर्मगुरूचा खून केला आणि गुन्हा कबूलही केला, तेव्हा बिशप ऑगस्टीनने रोमन अधिकाऱ्याला पत्र लिहून या गुन्हेगारांना जिवे मारू नये, अशी कळकळीची विनंती केली. राज्याचा अधिकार त्याला अमान्य नव्हता. मात्र धर्मासाठी मरण पत्करलेल्यांच्या यातनांची परतफेड रक्ताने होऊ नये, असा त्याचा आग्रह होता. कुंकळ्ळीच्या बाबतीत हा आग्रह निष्प्रभ ठरला, आणि ही त्या काळच्या गोव्यातील चर्चसत्तेची मोठी नैतिक हार होती. १५६० ते १८१२ या काळात, मधला अल्प खंड वगळता, गोव्यात चाललेल्या इन्क्विझिशननेही, म्हणजे धर्मभ्रष्टतेचा तपास करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, देहान्ताचा हुकूम स्वतः न देता दोषीला राजसत्तेच्या हवाली करण्याची पद्धत पाळली. हात कोरडे राहिले तरी उत्तरदायित्व त्याने टळत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या परिपत्रकात असे म्हटले की, समाजाच्या रक्षणाचा दुसरा उपायच नसेल तेव्हाच ही शिक्षा समर्थनीय ठरेल आणि असे प्रसंग आता जवळजवळ उरलेले नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये धर्मशिक्षाग्रंथातील, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या संग्रहातील, संबंधित परिच्छेद बदलला आणि ही शिक्षा अग्राह्य ठरवली, कारण घोर अपराधानंतरही माणसाची प्रतिष्ठा नष्ट होत नाही, तसेच कैदेची व्यवस्था आता समाजाचे पुरेसे रक्षण करू शकते. हा शिकवणीचा विकास आहे की जुन्या शिकवणीशी विसंगती, यावर कॅथलिक विद्वानांत आजही वाद आहे.

त्या वादाची धार महाराष्ट्रात जाणवते. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यातील हल्लेखोर अजमल कसाब याला फाशी दिली गेली, तेव्हा त्याच्या दोषाविषयी शंका नव्हती. आणि १९९९ मध्ये अपहृत विमानातील प्रवाशांच्या सुटकेसाठी कैदेतील अतिरेकी सोडावे लागले असल्याने, कैद पुरेशी असते हे म्हणणे भारतीय अनुभवाला सहज पटत नाही. म्हणूनच केवळ कारागृहाच्या भक्कमपणावर उभा केलेला विरोध दुबळा ठरतो, आणि चर्चचे म्हणणे टिकायचे असेल तर ते मानवी प्रतिष्ठेच्या पायावरच टिकेल, कारण तो पाया कैदी किती धोकादायक आहे यावर अवलंबून नाही.