माती कधी तपासावी?
(मंडळाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पासाठी जास्वंद आणि दूर्वा घरच्या अंगणातल्याच हव्यात, हा आग्रह भोपाळमधल्या आपल्या कितीतरी घरांत अजून आहे. म्हणूनच झाड पिवळं पडलं की जीव हळहळतो. मग नर्सरीवाला देईल ते खत आणायचं, शेजारी सांगतील तो उपाय करायचा. माती तपासायचं सुचतं ते झाड गेल्यावर. आम्हाला सांगायचं आहे ते एवढंच, की आधी तपासणी, मग खत.

आपल्याकडची काळी माती बहुधा चुनखडीची, सामू म्हणजे पीएच 7 च्या वर. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. तिथे युरिया ओतून काही होत नाही. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी असण्याचा संभव. पावसात पाणी साचलं तरी पानं पिवळीच होतात. रोग तीन, रंग एक! आणि अशा मातीत सवयीने चुना किंवा राख टाकली, तर सामू आणखी चढतो.

तपासणी कधी करावी? नवीन घरात पहिला वाफा करण्यापूर्वी, कारण अंगणात सिमेंट-चुन्याचा मलबा पुरलेला असतो. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी. आपल्याकडे उत्तम काळ दसरा ते दिवाळी. पाऊस सरलेला असतो, मातीला वाफसा आलेला असतो आणि मेथी, फुलकोबी, शेवंतीची लागवड व्हायची असते. खत नुकतंच घातलं असेल, तर दोन-तीन महिने थांबा. घरी विसर्जन केलेलं शाडूचं पाणी ज्या वाफ्यात ओतलं, तिथला नमुना घेऊ नका.

नमुना घेणं सोपं आहे. वरचा पालापाचोळा बाजूला करून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा 15 सेंटिमीटर खोल खड्डा करा. त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या. सगळी एकत्र करा, सावलीत वाळवा, अर्धा किलो स्वच्छ पिशवीत भरा. कुंड्यांची माती वेगळी ठेवा.

2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी नोंदवतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मात्र या तपासणीत विषारी रसायनं कळत नाहीत. 1984 पाहिलेल्या या शहरात हे वेगळं सांगायला नको. जुन्या कारखान्याजवळ किंवा कचरा पुरलेल्या जागी भाजी लावायची असेल, तर जड धातू आणि रसायनांची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्या. तोवर फुलझाडांवर समाधान मानावं.

भारतीय मृदा विज्ञान संस्था 1988 पासून आपल्याच बैरसिया रोडवर, नबीबागला आहे. घरगुती नमुने कुठे घेतात, हे तिथे किंवा कृषी विभागात आधी विचारून घ्या. देशाच्या मातीचा अभ्यास आपल्या गावात होतो आणि आपल्या अंगणाची माती तेवढी राहते, म्हणजे दिव्याखाली अंधारच!

बाप्पाला निरोप दिला की पिशव्या शिवायला घ्या. दसऱ्यापर्यंत वाफसा येईलच.