माळ्यावरचा ओलावा आणि घरातील दप्तर

धारवाडच्या पावसाचे कौतुक सर्वांनाच आहे. परंतु त्याचा हिशेब चुकवावा लागतो तो घराच्या माळ्यावर. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या काळापासून येथील मराठी घरांतून मोडी कागदपत्रे, जुने दिवाळी अंक, पत्रव्यवहार यांची गाठोडी माळ्यावरच विसावली. धारवाडात दीर्घकाळ राहिलेल्या जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे पुढे ग्रंथरूपाने वाचकांपुढे आली, ती ज्यांना आली त्यांनी जपून ठेवली म्हणूनच. माळ्यावरचा ओलावा हा म्हणूनच केवळ गवंड्यासुताराचा विषय नव्हे.

बासेल मिशनने 1865 साली मंगळूरजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगळूरी कौल या भागातील घराघरांवर चढले. या छपराचा गुण असा, की कौलांच्या सांध्यांतून वारा खेळतो. खाली चूल पेटत असे, तिची ऊब आणि धूर माळ्यावरून बाहेर जात. वासे कोरडे राहत आणि किडीलाही आळा बसे.

चूल गेली, गॅस आला. एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाण्याची वाफ होते, म्हणजे 14.2 किलोच्या एका सिलिंडरमागे वीस लिटरांहून अधिक पाणी घरातील हवेत मिसळते. शिवाय स्नानाची वाफ आणि आत वाळत घातलेले कपडे आहेतच. ही उबदार, दमट हवा वर चढते. त्याच सुमारास धूळ पडू नये म्हणून कौलांखाली प्लॅस्टिकचा कागद ताणला जातो, अथवा कौले काढून पत्रा घातला जातो, आणि वाफेची वाट बंद होते.

30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे 30 ग्रॅम बाष्प धारण करते. 20 अंशांना केवळ 17 ग्रॅम. निरभ्र रात्री छप्पर भोवतालच्या हवेहूनही थंड होते आणि त्याला टेकलेल्या हवेतील अधिकचे बाष्प थेंबांच्या रूपाने उतरते. छप्पर गळते की घामेजते, हे ओळखणे अवघड नाही. पावसानंतर ठरावीक जागी डाग उमटला, तर ती गळती. पाऊस नसता थंडीच्या पहाटे पत्र्याच्या सबंध पाठीवर थेंब दिसले, तर तो घरातलाच ओलावा. गळतीचा उपाय घामावर चालत नाही. फटी बुजवल्याने तो वाढतोच.

गळतीसाठी मृगापूर्वी शाकारणी करावी, फुटकी कौले बदलावीत. घामासाठी वाफ जेथे उत्पन्न होते तेथूनच, स्वयंपाकघर व न्हाणीघरातून, थेट घराबाहेर काढावी; माळ्यावर सोडू नये. वळचणीपाशी आणि आढ्याजवळ, दोन्हीकडे जाळी लावलेली झरोकी ठेवावीत, म्हणजे हवा खालून शिरून वरून निघते. मात्र संततधारेत बाहेरची हवाच दमट असल्याने झरोक्यांनी माळा कोरडा होत नाही. तो उघडीपीतच वाळतो.

त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने ग्रंथ व कागद माळ्यावर ठेवूच नयेत. खाली आतल्या भिंतीच्या कपाटात, भिंतीपासून चार बोटे अंतर राखून ते उभे करावेत. दमट पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधणे म्हणजे बुरशीला घर बांधून देणे होय. कडुनिंबाचा पाला ओल शोषत नाही. भिजलेले पुस्तक कडक उन्हात न टाकता सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावे. बुरशी धरलेले पुस्तक निराळे ठेवावे. पूर्ण वाळल्यावर नाकातोंडाला फडके बांधून, घराबाहेर, मऊ कुंचल्याने झाडावे.

ग्रंथालयाला देणगी म्हणून येणारी पुस्तके अशाच माळ्यांवरून उतरतात. एक बुरशीचे पुस्तक ओलसर दिवसांत सबंध कपाट बिघडवू शकते. उलट, वेळीच खाली उतरवलेले एखादे गाठोडे पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला या सीमाभागातील मराठीचा दुर्मीळ पुरावा देऊन जाते. त्यासाठी फार खर्च लागत नाही. आभाळ भरून येण्याआधी एकदा शिडी लावून वर पाहावे, इतकेच.