ती दीडपट वेगाची कळ दाबू नका



पत्रिकेत विषय छापलाय ‘घरबसल्या अमेरिकेचा इतिहास’. काय कुठे मिळतं तेवढं सांगा, असं आयोजक म्हणाले. लगेच सांगून टाकतो. येल विद्यापीठाने वर्गातच चित्रित केलेले काही अभ्यासक्रम सर्वांना फुकट खुले केलेत. त्यातला डेव्हिड ब्लाइट यांचा यादवी युद्धावरचा ऐका. २००८ सालचा आहे, व्याख्यानं २७. फुकट म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतही पेनं निघाली! (हशा)

आता माझा हट्ट. सगळी ऐका, क्रमाने ऐका, आणि ती दीडपट वेगाची कळ दाबू नका. लिंकन, गेटिसबर्ग आपणा सर्वांना ठाऊकच आहे, ते सोडतो. पण १८६५ साली दक्षिणेचा सेनापती ली शरण आला तरी ब्लाइट थांबत नाहीत. पुढची कितीतरी व्याख्यानं एकाच प्रश्नावर आहेत: गुलामी गेली, आता माणसांचं काय? १८६८ साली घटनेने त्यांना नागरिकत्व दिलं, १८७० साली पुरुषांना मताचा हक्क. सावकाश ऐकताना आपल्यालाही वाटायला लागतं, अरे, जमतंय की! दहा मिनिटांच्या सारांशात शेवट आधीच कळतो आणि तेव्हा आशा धरणारे भाबडे ठरतात. त्यांना शेवट कुठे ठाऊक होता?

काय म्हणालात काका? ‘आपला काय संबंध?’ राजाबाई टॉवर पाहिलाय ना? लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. कापसावर सट्टा, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर सट्टा! सट्ट्याचे राजे प्रेमचंद रायचंद यांनी टॉवरला पैसे दिले आणि आईचं नाव ठेवलं. ली शरण आला आणि इकडे बाजार कोसळला. बँक ऑफ बॉम्बे बुडाली, आणि त्या बँकेत... असो. अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. मी नाही बघत. (हशा)

पण जोतीरावांबद्दल बोलल्याशिवाय मी उतरणार नाही. ‘गुलामगिरी’ १८७३ सालची. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली आहे, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण १८७३ म्हणजे ब्लाइटांच्या कुठल्या टप्प्यावर? त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्सला गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली, शरण आलेल्यांनाही सोडलं नाही. पुढे ज्या थोड्यांना शिक्षा झाल्या, त्याही १८७६ साली सर्वोच्च न्यायालयात टिकल्या नाहीत. इथे पुण्यात अर्पणपत्रिका छापली जात होती, तेव्हा तिकडे मिळालेलं हातचं निसटायला लागलं होतं. म्हणून कोणी जोतीरावांना भाबडं म्हणेल, तर मी त्याच्याशी भांडेन. पारडं अजून पुरतं झुकलं नव्हतं.

चिठ्ठी आली. ‘दोन मिनिटं.’ बरं. १८७६ची निवडणूक वादात सापडली, थोड्याथोडक्या मतांसाठी नव्हे, अख्ख्या राज्यांच्या निकालांसाठी. तडजोड झाली, हेज अध्यक्ष झाले आणि १८७७ साली त्यांनी दक्षिणेतल्या, या हक्कांच्या बाजूने उभ्या असलेल्या उरल्यासुरल्या सरकारांमागचं लष्कर काढून घेतलं. पाहा, मीही शेवटी दीडपट वेगानेच उरकलं! ज्यांना भांडायचंय त्यांनी खाली चहापाशी यावं.