आमच्या भजनी मंडळाची तालीम

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात करमाळा मुक्कामी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या समाजाच्या भजनी मंडळाविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही थोडे बिचकलोच. विद्यार्थ्यांचा सत्कार, शिक्षणनिधी, वधूवर मेळावा ही कामे मोजून दाखविता येतात. भजनी मंडळाने वर्षभरात काय केले असे कोणी विचारले, तर 'एक दिवस गाइले' याहून निराळे उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु त्या एका दिवसासाठी दीड महिना आम्ही रोज रात्री एकत्र बसलो, आणि त्या बैठकीत एक प्रश्न आमच्यापुढे असा काही उभा राहिला की तो आपणांपुढे मांडणे अगत्याचे वाटते. ज्याला सुरात गाता येत नाही, त्याचे भजनी मंडळाने काय करावे, हा तो प्रश्न.

तो एक दिवस म्हणजे आषाढ वद्य त्रयोदशी. १३५० साली याच तिथीस श्रीनामदेवरायांनी पंढरपुरी महाद्वारात देह ठेविला. आपण शिंप्याच्या कुळातील म्हणून त्यांचे नाव अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण आम्हां भजनकऱ्यांना त्यांच्या घराचे आणखी एक अप्रूप वाटते. त्या घरात एकटे नामदेव गात नव्हते. आई गोणाई, पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे पुत्र, आणि घरी राबणारी जनाबाई, साऱ्यांची वाणी विठ्ठलाकडे लागलेली. राज्य शासनाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या नामदेवगाथेची एक जुनी प्रत मंडळाच्या पेटाऱ्यात आहे. तीत गोणाई-राजाईंच्या नावाचे अभंग वाचताना वाटते, की हे घर म्हणजेच एक भजनी मंडळ होते. त्या घरातल्या साऱ्यांचाच आवाज गोड होता काय? गाथा त्याविषयी काही सांगत नाही.

आता आमच्या मंडळाची स्थिती सांगतो. २०२० आणि २०२१ या दोन सालांत आषाढीची पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस. टी. गाडीने पंढरपुरास गेल्या. आमचेही भजन त्या दोन वर्षांत बंद राहिले. त्याच काळात आमचे विणेकरी बुवा गेले. तीस वर्षे ज्यांच्या खांद्यावर वीणा होती, त्यांना पोहोचवावयास चार माणसांपलीकडे कोणास जाता आले नाही, आणि त्यांच्या अंत्ययात्रेत टाळ वाजला नाही. हे शल्य मंडळातील प्रत्येकाच्या मनात आहे. त्याविषयी अधिक बोलत नाही. पुढे तालमी सुरू झाल्या तेव्हा अठ्ठावीस माणसांपैकी सतरा उरली होती. काही मुले नोकरीनिमित्त पुण्यास गेलेली, काहींचा श्वास पुरेनासा झालेला. वीणा बुवांच्या पुतण्याने घेतली. ते एस. टी. त वाहक आहेत, त्यामुळे आमची तालीम नऊला सुरू होणार की साडेनऊला, हे करमाळा आगारातील शेवटच्या गाडीवर अवलंबून असते.

गेल्या वर्षी जमणाऱ्यांची संख्या पुन्हा चोविसावर गेली, त्यांत नऊ भगिनी. संख्या वाढली आणि पट्टीचे भांडण सुरू झाले. बाहेरच्यांस ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. पुरुषांना काळी एक किंवा काळी दोन सोयीची; स्त्रियांचा आवाज काळी चारच्या आसपास खुलतो. पुरुषांच्या पट्टीत गावे तर भगिनींचा आवाज तळाला जाऊन पुटपुटल्यासारखा होतो. त्यांच्या पट्टीत गावे तर आमच्यापैकी निम्मे ओरडू लागतात आणि उरलेले ओठ मिटून घेतात. पेटीवर बसणारा तरुण संगीताच्या परीक्षा दिलेला आहे. त्याने आठ दिवस निरनिराळ्या पट्ट्या लावून पाहिल्या आणि शेवटी असे ठरविले, की आरंभीचा गजर, रूपाचे अभंग व नामदेवरायांचे अभंग पुरुषांच्या पट्टीत आणि गौळणी स्त्रियांच्या पट्टीत, त्यांच्याच पुढारपणाखाली. गौळण लागली की पुरुषांनी फक्त ध्रुवपदाला यावे, तेही खालच्या सप्तकात. हे ऐकून दोघा-तिघांची तोंडे आंबट झाली, पण पहिल्याच रात्री गौळण अशी रंगली की कोणी पुन्हा विषय काढला नाही. (पेटीविषयी एक गंमत सांगण्याजोगी आहे. १९४० पासून तीन दशके आकाशवाणीने या वाद्याला आपल्या केंद्रांत मज्जाव केला होता. खेड्यापाड्यांतील भजनी मंडळांनी तो निर्णय मनावर घेतला नाही, हे आपले नशीब.)

पट्टी जमली, आणि मग काका ऐकू येऊ लागले.

काकांचे नाव सांगण्याचे कारण नाही. आपणांपैकी बहुतेकांच्या अंगावर त्यांनी शिवलेला एखादा सदरा कधी तरी चढलेला आहे. पन्नास वर्षे त्यांचे शिवणयंत्र चालू आहे. तयार कपड्यांच्या दुकानांनी आपल्या धंद्याचे कंबरडे मोडले तरी शाळेचे गणवेश आणि जुन्या गिऱ्हाइकांचे लेंगे यांवर त्यांनी दुकान टिकविले. तालमीला सर्वांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरणारे, आणि शेवटी दिवा मालवून जाणारे तेच. आवाज भारी, खणखणीत. आणि मूळ सुराच्या अर्धा स्वर खाली. मंडळ मोठे होते तेव्हा तो आवाज त्यात बुडून जाई. आता तो वर तरंगू लागला.

तरुण मंडळींनी एक दिवस आम्हांस बाजूला घेतले. त्यांचे म्हणणे अविचाराचे नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. पुण्यतिथीचे भजन चांगले झाले, तर पुढे एखाद्या संगीत भजनस्पर्धेत उतरावे असा त्यांचा मानस होता. स्पर्धेत माणसे मोजकी, वेळ मोजका. तेथे एक बेसूर आवाज साऱ्यांचे श्रम वाया घालवितो. 'काकांनी नुसता टाळ धरावा, गाऊ नये. आणि हे त्यांना आपणच सांगावे,' असे ठरले. हे काम आमच्या गळ्यात पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्यांच्या दुकानी गेलो. शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला होता; समोर निळ्या विजारींचा ढीग. काकांनी यंत्र थांबविले, चहा सांगितला आणि आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच खणातून वही काढली. दुसऱ्या अभंगाचा तिसरा चरण आपल्याला नीट लागत नाही, तो एकदा म्हणून दाखवावा, असे म्हणाले. वहीत प्रत्येक चरणाखाली पेन्सिलीने श्वासाच्या जागा केलेल्या होत्या. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांची अक्षरे सहा-सहा आणि चौथ्याची चारच. त्या चार अक्षरांनंतर दम घ्यावयास जागा मिळते, हे आम्हांस कोणी शिकविले नव्हते आणि काकांनी स्वतः शोधून काढले होते. आम्ही चरण म्हणून दाखविला, चहा घेतला आणि काही न बोलता परत आलो. तरुणांना सांगितले, 'आज गिऱ्हाइकांची गर्दी होती.' हे खोटे होते, याची कबुली आज येथे देतो.

आषाढ लागला. त्र्यंबकेश्वरहून निघणारी श्रीनिवृत्तिनाथांची पालखी आपल्या करमाळा तालुक्यातून पंढरपुरास जाते, हे आपण जाणताच. एक दिवस तालीम बंद ठेवून आम्ही सारे जेऊरच्या रस्त्याला दिंडीबरोबर चाललो. हौस म्हणून गेलो होतो, पण कान तालमीचे झालेले होते. एकाने चरण उचलावा आणि ध्रुवपद शेकडो कंठांनी घ्यावे, असे चालले होते. आमचा पेटीवाला तरुण एका वारकऱ्याच्या शेजारी बराच वेळ चालत राहिला. त्या गृहस्थांचा सूर काकांहूनही खाली होता. पुढे-मागे, डावी-उजवीकडे त्यांच्यासारखे किती तरी होते. आणि तरीही समोरून जो नाद येत होता तो एकच होता, भरलेला होता. परतताना तो तरुण आम्हांस म्हणाला, 'तिथे कोणाला काढलं असतं तर आवाज पातळ झाला असता.' दिंडीचे आणि स्पर्धेचे गणित एक नाही, हेही त्याने लगेच जोडले. तेही खरे आहे.

पण खरा उलगडा दिंडीत झाला नाही. तो कमलादेवीच्या देवळात झाला. रावरंभा निंबाळकरांनी १७२७ साली बांधविलेले हे देऊळ आणि त्याची ९६ पायऱ्यांची विहीर आपणां कोणास नवी नाही. एका संध्याकाळी वीज गेली आणि खोलीत उकाडा असह्य झाला, म्हणून आम्ही टाळ-पखवाज घेऊन श्रीदेवीच्या माळावर गेलो आणि देवळाच्या ओवरीत बसलो. जागा अरुंद, म्हणून नेहमीची बैठक मोडली. काका पेटीच्या उजव्या अंगाला आले. आणि त्या संध्याकाळी त्यांचा सूर बराचसा वर आला! प्रथम वाटले की दगडी ओवरीचा हा गुण असावा. विचारता विचारता कळले, की काकांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. इतकी वर्षे सवयीने ते ज्या जागी बसत, तेथून पेटी त्यांच्या डाव्या हातास येई. जो सूर ऐकूच येत नाही, तो माणसाने लावावा कसा? आणि वर्षानुवर्षे शेजारी बसून आम्हांपैकी एकालाही हे विचारण्याची बुद्धी झाली नाही. आम्ही त्यांना गप्प बसविण्यास निघालो होतो.

त्या दिवसापासून काकांची जागा पेटीच्या उजवीकडे, पहिल्या ओळीत. ते पूर्ण सुरात आले असे आम्ही म्हणणार नाही. सभेत असत्य बोलू नये. कधी कधी ते अजूनही घसरतात. परंतु एकेक चरण चौघांनी उचलावा आणि ध्रुवपद सर्वांनी घ्यावे, ही दिंडीची रीत आम्ही घेतली. त्यामुळे ज्याला जेवढे पेलते तेवढे त्याच्या वाट्याला येते.

आणखी एक गोष्ट, आणि ती थोडी अवघड आहे. आमचे पखवाजवादक आपल्या समाजाचे नाहीत. सहा वर्षे ते येतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावावयास ओंजळभर कणीक, याव्यतिरिक्त त्यांनी मंडळाकडे काही मागितले नाही. पुण्यतिथीच्या पत्रिकेत त्यांचे नाव घालावे की नाही, असा प्रश्न एका ज्येष्ठांनी काढला; समाजाचा उत्सव आहे, समाजाचीच नावे असावीत, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांचा आदर करतो, म्हणून वाद घातला नाही. दोनच गोष्टी त्यांच्या कानावर घातल्या. नामदेवरायांची पुण्यतिथी त्रयोदशीची, आणि चतुर्दशीस शेजारच्या माढा तालुक्यातील अरणचे सावता माळी यांची. पंचांगानेच या दोघांना शेजारी बसविले आहे. आणि मंगळवेढ्यास कुसू कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी वेचून पंढरपुरी आणणारे नामदेवच होते. पायरीसमोर आज चोखोबांची समाधी आहे. ज्येष्ठ काही बोलले नाहीत. पत्रिकेत नाव छापले गेले. मात्र गेल्या स्मरणिकेतील मंडळाच्या छायाचित्राखाली साऱ्यांची नावे आहेत आणि पखवाजवाल्यांचे नाही. मजकूर आम्हीच दिला होता, तेव्हा चूक आमची. ती यंदा दुरुस्त व्हावी अशी संपादकांस विनंती आहे.

पुण्यतिथीचे भजन कसे झाले, हे आपणांपैकी अनेकांनी ऐकलेच. गजर चांगला लागला. पेटीवाला तरुण घाबरून पहिल्या अभंगात लय वाढवून बसला, ती पखवाजवाल्यांनी दोन आवर्तनांत ओढून जागेवर आणली. गौळणींना देवळाबाहेरची माणसे आत आली. आणि तिसऱ्या अभंगात काका ध्रुवपदावर एक आवर्तन आधीच आले, एकटेच, खणखणीत. विणेकऱ्यांनी हसू दाबले, बाकीच्यांनी काकांच्या मागोमाग ध्रुवपद घेऊन टाकले. ज्यांना कळले ते हसले. बहुतेकांना ती चालच तशी आहे असे वाटले. पुण्याच्या मुलांनी ते भजन मोबाइलवर ऐकले. त्यांच्यापैकी एकाने ती जागा मुद्दाम बसविली होती काय, असे विचारले. काकांनी त्यास होकार दिला, असे समजते.

तरुणांचा स्पर्धेचा विचार आम्ही मोडलेला नाही. त्यांनी निराळा संच करून अवश्य उतरावे. पट्टी, लय, पाठांतर यांची शिस्त त्यांच्यामुळेच मंडळाला लागली. मात्र त्रयोदशीच्या बैठकीत माणसे मोजावयाची नाहीत, एवढे सर्वानुमते ठरले आहे.

या वर्षीची तालीम ज्येष्ठ शुद्ध एकादशीपासून, रात्री नऊ वाजता, गाडी वेळेवर आली तर. पखवाजाची पुडी उतरली आहे, ती पंढरपुरास बदलून आणावयाची असून त्या खर्चास हातभार लागेल तर हवा आहे. ज्यांच्या घरी जुने काशाचे टाळ माळ्यावर पडून असतील त्यांनी ते आणावेत. टाळ नसतील त्यांनी तसेच यावे. सतरंज्यांचे काम काकांकडेच आहे. पण यंदा त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून पावणेनऊला दोन मुले मदतीस लागतील.