‘श्यामची आई’ : बालपणी आणि प्रौढपणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी शाळेची पुस्तके कपाटात शोभेसाठी कधी ठेवली नाहीत. ती मुलांच्या हाती दिली. त्यांना अभिवादन करताना एखादा गहन तात्त्विक विषय घेण्यापेक्षा, आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी हाती धरलेल्या एका पुस्तकाविषयी बोलावे, असे मला वाटले. ते पुस्तक म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’. हे पुस्तक बालपणी वाचणे आणि प्रौढपणी वाचणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही केल्यावाचून ते पुरते वाचून होत नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

१९३३ सालच्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत गुरुजींनी या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहिला. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. करजगीच्या मुलाच्या हाती हे पुस्तक पडले तेव्हा काय घडले, ते मात्र आपल्यालाच सांगितले पाहिजे.

मी ते प्रथम वाचले तेव्हा सातवीत होतो. पुस्तकातला मुलूख कोकणचा. नारळी-पोफळी, ओढे, समुद्र. आमच्या भोवती काळी जमीन, ज्वारी आणि तूर. समुद्र आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. तरीही पुस्तक परके वाटले नाही. पोहण्याच्या भीतीने दडून बसलेला श्याम आणि त्याला झोडपून विहिरीवर धाडणारी आई आम्हांला तत्काळ ओळखू आली, कारण आमच्याकडेही पोरे विहिरीतच पोहायला शिकत. पायाला माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आई दगडावर आपले ओले लुगडे पसरते, आणि पायांना जपतोस तसेच मनालाही जप, असे सांगते. तो प्रसंग वाचताना वर्गातली दांडगी मुलेही गप्प झाली होती. आईचे ऐकावे, खोटे बोलू नये, श्रमाची लाज बाळगू नये, हा त्या वयात हाती लागलेला अर्थ. तो खरा आहे, आणि मुलाला तेवढा पुरतो.

परंतु या पुस्तकात श्याम दोन आहेत. एक लहान, ज्याच्या बाबतीत सारे घडते. दुसरा मोठा, जो आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्र, अशा ४२ रात्री, ते सांगत बसतो. बालवाचक लहान श्यामचा हात धरून चालतो. मोठ्याचा आवाज त्याच्या कानी पडतो, पण मनात शिरत नाही. लेखनाच्या वेळी गुरुजींचे वय ३३ वर्षांचे होते, आणि त्यांची आई १९१७ साली, ते १७ वर्षांचे असताना गेली होती. म्हणजे हे पुस्तक मुळातच एका प्रौढ माणसाने आपल्या बालपणाचे केलेले पुनर्वाचन आहे. आपण मोठेपणी ते उघडतो तेव्हा लेखकाच्याच जागी जाऊन बसतो.

एक उदाहरण घेऊ. ‘अळणी भाजी’ या प्रकरणात आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, मुलेही जेवतात. लहानपणी आम्ही यातून संयमाचा धडा घेतला. पण आईला ती चूक कळते केव्हा? सर्वांची जेवणे झाल्यावर, ती स्वतः पानावर बसते तेव्हा. घरात सर्वांत शेवटी जेवणारे माणूस कोण, हे त्या गोष्टीत न सांगता सांगितले आहे. मुलाच्या नजरेतून ते निसटते. ज्याने स्वतःचा संसार केला त्याच्या नजरेतून निसटत नाही.

दुसरी गोष्ट कर्जाची. बालवाचकाला ही प्रकरणे कंटाळवाणी वाटतात; तो पाने उलटून पुढे जातो. मला ती १९७२च्या दुष्काळानंतर वाचता आली. त्या वर्षी आमची जनावरे गेली, पाठोपाठ आईच्या पाटल्या गेल्या, आणि वडिलांची बैठक ओट्यावरून उठून माजघरात गेली. दाराशी कोण आले आहे, हे पाहण्यासाठी आई आम्हां मुलांना पुढे धाडी. पुढे नोकरीच्या गावी हे पुस्तक पुन्हा हाती आले. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, नको ते बोलतो, घरावर जप्ती येते, आणि आजवर शांत असलेली आई संतापाने उभी राहते, ते पान मला एका बैठकीत पुरे करता आले नाही. ज्या माउलीला आम्ही सर्वज्ञ समजत होतो, ती अब्रूच्या भीतीने रात्र रात्र जागणारी, तापाने खंगलेली एक असहाय बाई होती. तिची शिकवण किती महाग पडलेली होती, ते त्या दिवशी उमगले. ज्या भागात कर्ज हा घराघरांतला शब्द आहे, त्या भागातल्या वाचकाने ही पाने वगळू नयेत.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. एका वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावरून मोळी पडते, कोणी हात लावीत नाही. आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते, आणि घरी आल्यावर स्नान कर, असेही सांगते. लहानपणी आम्हांला तिचे औदार्य दिसले. आज ते स्नानही दिसते. ते झाकू नये, आणि त्यावरून त्या माउलीला मोडीतही काढू नये. तिचे पाऊल जेथे थांबले तेथून पुढे तिचा मुलगा चालला. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले आणि ते सफल झाले. पंढरपुराला वळसा घालणारी भीमाच पुढे आपल्या अफझलपूर तालुक्यात येते. कोकणातल्या त्या गोष्टीचे उत्तर आपल्या नदीच्या काठी लिहिले गेले, असे मी म्हणेन.

आपण सीमेवरची माणसे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ साली म्हैसूर राज्यात आला, आणि १९७३ पासून त्या राज्याला आपण कर्नाटक म्हणतो. आमच्या घरात ‘आई’ ही हाक, शेजारच्या घरात ‘अव्वा’. आयुष्याच्या अखेरच्या काळात गुरुजींनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली, भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावे, हा तिचा गाभा. आपल्या गल्लीत ती नित्याच्या व्यवहाराने आधीच नांदत होती. तेव्हा श्यामच्या आईवर केवळ मराठी घराचा हक्क आहे, असे मानण्याचे कारण नाही.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच आहे. हे पुस्तक मुलांना वाढदिवसाला भेट देऊन मोकळे होऊ नका. आधी स्वतः पुन्हा वाचा आणि मग रोज रात्री एक प्रकरण त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मुले लहान श्यामबरोबर चालतील, तुम्ही मोठ्या श्यामचे ऐकाल. आणि ज्यांच्या आई आज हयात आहेत, त्यांनी तिच्या ताटावर एकदा तिच्याबरोबरीने बसावे. भाजीत मीठ आहे की नाही, ते तिच्याआधी आपल्याला कळावे.